लांब पल्ल्याचा घोडा

एन्ड्युरन्स ही घोड्यावरून लांब पल्ला कापण्याची शर्यत आहे. अंतर वीस-चाळीस किलोमीटरपासून एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंत असते. वाट आखीव मैदानाची नसते. शेतरस्ते, ओढे, डोंगर, वाळू जे मिळेल ते तुडवायचे. ठरावीक अंतरावर घोडा थांबवला जातो. पशुवैद्य त्याची नाडी, पाय, पोट, अंगातले पाणी तपासतात आणि घोडा ठीक असेल तरच पुढे सोडतात. थांब्यावर पोहोचल्यानंतर नेमून दिलेल्या मिनिटांत नाडी ६४ पर्यंत उतरली नाही, तर घोडा बाद. सगळ्यांच्या आधी पोहोचलेला घोडा शेवटच्या तपासणीत लंगडला, तर तोही बाद. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दोन-अडीच मिनिटांत निकाल लागणाऱ्या शर्यतीशी याचे नाते फक्त घोड्यापुरते.

या खेळाचे आजचे रूप १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टेव्हिस कप शर्यतीपासूनचे मानले जाते. तिथे १०० मैल डोंगरवाट २४ तासांत पुरी करायची असते. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सर्वांत चांगल्या स्थितीत असेल, त्याला हॅगिन कप हा वेगळा मान मिळतो आणि जाणकारांत त्या कपाची किंमत पहिल्या क्रमांकाहून कमी समजली जात नाही. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने या प्रकाराला मान्यता दिली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत एन्ड्युरन्सचा समावेश होता. भारतात सैन्यदले आणि राजस्थान-गुजरातचे घोडेमालक यांनी हा खेळ पुढे नेला. महाराष्ट्रात तो अजून थोड्यांचा आहे.

खेळ नवा असला, तरी पनवेलला लांब पल्ल्याचे घोडे नवीन नाहीत. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि तिथून पालखीने किंवा घोड्यावरून घाटाची वाट धरायचा. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि ही वाहतूक आणखी वाढली. पनवेल ते पुणे हा शंभराहून अधिक किलोमीटरचा पल्ला, म्हणजे आजच्या हिशेबाने आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यतच. फरक एवढाच की घाईचा प्रवास आणि टपाल यांच्यासाठी वाटेत ताजी घोडी मिळत. एन्ड्युरन्समध्ये घोडा बदलायची सोय नाही. जो घेऊन निघायचे, त्यालाच धडधाकट परत आणायचे. म्हणून या खेळातले सगळे शहाणपण शर्यतीच्या दिवशीचे नसून त्याआधीच्या तीन-चार वर्षांचे असते.

कोणता घोडा घ्यावा, या प्रश्नाला जगभर एकच उत्तर मिळते: अरबी. अंगाने सडपातळ, कातडी पातळ, स्नायू सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे. त्यामुळे तो लवकर तापत नाही आणि तापला तर लवकर निवतो. एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातून येणाऱ्या अरबी घोड्यांची मुंबई ही मोठी बाजारपेठ होती. आज मात्र पनवेलच्या माणसासमोर बहुधा मारवाडी किंवा काठेवाडी घोडा येतो, तोही नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या बाजारातून. दोन्ही जाती उष्ण, कोरड्या मुलखातल्या आणि चिवट. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात मिळतो. पण त्याचे शरीर थोड्या वेळाच्या वेगासाठी घडवलेले असते आणि पायांवर लहानपणीच ताण येऊन गेलेला असतो. नवख्याने त्या मोहात पडू नये.

भीमथडीची गोष्ट वेगळी. भीमेच्या खोऱ्यातले हे बुटके, काटक घोडे दिवाळीनंतर धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तांड्याबरोबर, संसार पाठीवर घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत चढतात. मराठा घोडदळाच्या दौडी ज्या दख्खनी घोड्यांवर झाल्या, त्यांचेच हे वंशज. २०२४ मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. सहनशक्तीत हा घोडा कोणाला हार जाणार नाही. अडचण वजनाची आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त भार नसावा, असा संकेत आहे. पावणेतीनशे किलोच्या भीमथडीला त्या हिशेबाने पंचावन्न किलो झेपतात. म्हणजे मुलांसाठी किंवा हलक्या अंगाच्या स्वारासाठी तो उत्तम.

बाजारात विक्रेता सांगेल ते वय धरून चालत नाही, तोंड उघडून पाहावे लागते. घोड्याचे समोरचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात: मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. कोपऱ्यातले दात अजून लहान, पांढरे, दुधाचे असतील, तर ‘पाच वर्षांचा आहे’ हे म्हणणे खोटे. दात पाहून झाले की पायांकडे वळावे. पुढच्या पायांच्या नळीवरून हात खाली फिरवला तर हाडामागचे स्नायूंचे दोर घट्ट आणि गार लागले पाहिजेत. सूज, ऊब किंवा दाबल्यावर पाय झटकणे यांपैकी काही आढळले, तर रंग-रूप कितीही देखणे असो, तो घोडा सोडून द्यावा. सारंगखेड्याला नाचणाऱ्या घोड्याभोवती गर्दी जमते. एन्ड्युरन्सवाल्याने घोडा दोरीवर धरून सरळ रेषेत चालवून आणि दुडकवून पाहावा, पुढून आणि मागूनही.

शिंगरू घडवणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची असते. घोड्याचे शरीर एकाच वेळी तयार होत नाही. कामाला लावल्यावर हृदय आणि फुप्फुसे दोन-तीन महिन्यांत सुधारतात. स्नायूंना तीन ते सहा महिने लागतात. सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि स्नायूंचे दोर सहा महिने ते वर्ष घेतात. हाड आणि खूर यांना दोन-तीन वर्षे लागतात. साडेतीन वर्षांचा घोडा तीन महिन्यांच्या मेहनतीनंतर तजेलदार दिसतो, लगाम ओढतो, वीस किलोमीटर करूनही दमत नाही. मालकाला वाटते, तयार झाला. प्रत्यक्षात दम तयार झालेला असतो, पाय नाही. पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. त्यात हाडाची आणखी एक खोड आहे. नवा भार पडू लागला की शरीर जुने हाड आधी पोखरते आणि मग त्या जागी नवे, दाट हाड भरते. त्यामुळे काम सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हाड पहिल्यापेक्षा कच्चे असते, आणि नेमका त्याच वेळी घोडा उत्साहाने फुरफुरत असतो. बहुतेक तरुण घोडे याच ठिकाणी बिघडतात.

आंतरराष्ट्रीय नियमांत याची दखल आहे. सहा वर्षांखालच्या घोड्याला एक तारांकित, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, शर्यतीत उतरता येत नाही. दोन तारांकितसाठी सात आणि १६० किलोमीटरच्या तीन तारांकितसाठी आठ वर्षे पुरी लागतात. पनवेलमध्ये हवामानही याच बाजूने दडपण आणते. दसऱ्यानंतर काम सुरू होते आणि होळीच्या सुमारास ऊन डोक्यावर येते. मेहनतीला मिळतात ते वर्षातले पाचच महिने. साडेतीन वर्षांच्या घोड्याला असे तीन हंगाम मिळाले, की तो सहाव्या वर्षात येतो. उतावळ्या मालकाला पनवेलचे हवामान आपोआप सबुरी शिकवते, असे म्हणायला हरकत नाही.

पहिला हंगाम बहुतांश जमिनीवरचा असतो. दोरीवर नीट चालणे, थांबणे, मागे सरकणे, चारही खूर न कुरकुरता उचलू देणे, गाडीत चढणे. लांब दोरीवर गोल फिरवणे, म्हणजे लाँजिंग, यात फार वेळ घालवू नये. लहान वर्तुळात कोवळ्या सांध्यांवर एकाच बाजूने ताण पडतो. त्यापेक्षा मोतद्दाराने घोडा हाती धरून मैलोगणती चालवावा. ओढा, पूल, पाण्याचा टँकर, हॉर्न, रस्त्यावरची कुत्री हे सगळे त्याने आधी माणसाच्या खांद्याशी चालताना पाहिलेले असले, की पाठीवर माणूस आल्यावर तो बिचकत नाही. मग खोगीर, तंग आणि शेवटी हलका स्वार. हंगाम संपेपर्यंत पाठीवर माणूस घेऊन पाच-सहा किलोमीटर शांतपणे चालणे एवढेच जमले, तरी पुरे. पावसाळ्यात त्याला मोकळे सोडावे. शिकलेले तो विसरत नाही.

दुसऱ्या हंगामात खरी पायाभरणी होते. लांब आणि संथ, हे सूत्र. सुरुवातीचे चार ते सहा आठवडे निव्वळ चाल. आठवड्यातून तीन-चार दिवस, ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. मग अधूनमधून दुडकी. एन्ड्युरन्सची मुख्य चाल दुडकीच आहे, ताशी बारा-चौदा किलोमीटरची, तासन्‌तास टिकणारी. अंतर वाढवायचे तर वेग तोच ठेवायचा, वेग वाढवायचा तर अंतर तेवढेच. दोन्ही एकदम वाढवायचे नाही. आठवड्यात एकच लांब फेरी, बाकी दिवस हलके आणि निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती. स्वाराने दुडकीवर उठबस करताना दर काही मिनिटांनी बाजू बदलली पाहिजे, नाहीतर घोडा एका अंगाला कडक होतो.

जमीन कोणती, याला फार महत्त्व. नेरे, मालडुंगे, धोदाणीच्या बाजूला माथेरानच्या पायथ्याशी जाणाऱ्या कच्च्या वाटा या कामाला चांगल्या. चढावर चाल दिली की वेग न वाढवताही दम आणि मागचे पुठ्ठे तयार होतात. उतारावर मात्र पुढच्या पायांवर सगळा भार येतो. तिथे स्वाराने सरळ खाली उतरून पायी चालावे. डांबरी रस्त्यावर चाल चालते, दुडकी नाही. भातकापणीनंतरची खाचरे नोव्हेंबर-डिसेंबरात मऊ असतात. जानेवारीनंतर त्यांना भेगा पडतात आणि भेगेत खूर अडकला तर पाय मुरगळतो. अलिबागच्या किनाऱ्यावर पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू उत्तम. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू पायाच्या दोरांना तितकीच घातक. महामार्गांनी आणि नव्या वसाहतींनी पनवेलच्या मोकळ्या वाटा भराभर खाल्ल्या आहेत, त्यामुळे पहाटे घोडा गाडीत घालून वाट गाठणे हाही आता शिकवणीचा भाग झाला आहे.

घोडा किती तयार झाला, ते डोळ्यांना कळत नाही, नाडीला कळते. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४० असते. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथून तंग जातो तिथे, स्टेथोस्कोप ठेवायचा. ‘लब’ आणि ‘डब’ मिळून एक ठोका. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे. समजा, दुडकत आलेला घोडा थांबला तेव्हा नाडी ९६ आहे. तंग सैल केला, मान खाली सोडू दिली, मानेवर आणि पायांच्या आतल्या बाजूला पाणी मारले. चार मिनिटांनी ६० झाली, तर काम त्याला झेपले. दहा मिनिटांनंतरही ७२ वर अडली, तर अंतर किंवा वेग जास्त झाला, किंवा कुठेतरी दुखते आहे.

यापुढची परीक्षा शर्यतीतले पशुवैद्य घेतात, पण ती घरीही घेता येते. नाडी मोजायची, लगेच घोडा चाळीस मीटर दुडकवत नेऊन परत आणायचा आणि निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजायची. पहिला आकडा ६० आणि दुसरा ६० किंवा त्याखाली, तर घोड्यात अजून शिल्लक आहे. दुसरा ६८ निघाला, तर थकवा, वेदना किंवा पाण्याची तूट यांपैकी काहीतरी आत शिजते आहे, वरून कितीही टवटवीत दिसो. हे आकडे रोज वहीत लिहिणाऱ्याला घोडा आजारी पडण्याच्या दोन दिवस आधी त्याची चाहूल लागते.

पनवेलमधला खरा शत्रू अंतर नव्हे, दमट हवा. घोडा घामाने थंड होतो. उष्ण-दमट हवेत जोराच्या कामात तासाला दहा-पंधरा लिटर घाम जाऊ शकतो. त्या घामात लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम क्षार असतात. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो, त्यामुळे रक्तातले मीठ दाट होते आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच किंवा अधिक खारट. पाणी आणि मीठ बरोबरच जाते, रक्त दाट होत नाही आणि मेंदूला तहानेचा निरोपच पोहोचत नाही. अंगातले वीस लिटर पाणी गेलेला घोडा बादलीसमोर शांत उभा राहतो, तो याच कारणाने. ‘त्याला तहान नाही’ असे समजून पुढे नेले, तर पोटशूळ, स्नायू आखडणे किंवा छातीच्या पडद्याला नाडीबरोबर उचक्या लागणे, असे प्रकार होतात. रोजच्या चंदीत मीठ, प्रत्येक ओढ्यावर थांबण्याची सवय आणि ओला चारा हे त्यावरचे उपाय. पाणी पीत नसलेल्या घोड्याच्या तोंडात दाट क्षारांची पेस्ट मारणे हा मात्र उपाय नव्हे, त्याने तूट वाढते.

काम करावे की नाही, यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. फॅरेनहाइटमधले तापमान आणि हवेतील आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करायची. १३० च्या आत असेल तर चिंता नाही. १५० च्या पुढे घामाने निवणे अवघड होते. १८० ला घोडा बाहेर काढायचाच नाही. डिसेंबरच्या पहाटे १८ अंश सेल्सिअस, म्हणजे ६४ फॅरेनहाइट, आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर बेरीज १२९. मे महिन्यात ३४ अंश, म्हणजे ९३, आणि आर्द्रता ६५ टक्के: १५८. जुलैत पाऊस नुकताच थांबला आहे, पारा २८ वर, म्हणजे ८२, आणि आर्द्रता ९० टक्के: १७२. अंगाला गार वाटणारा जुलै घोड्याच्या हिशेबात मे महिन्याहून वाईट निघतो.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकू नये, स्नायू आखडतात, असे अजून कित्येक पागांत सांगितले जाते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत यावर बरेच संशोधन झाले आणि ही भीती निराधार ठरली. भरपूर गार पाणी, सर्वांगावर, पुन्हा पुन्हा ओतणे हाच सर्वांत जलद उपाय आहे.

पावसाळ्यात शिकवणी थांबली तरी मालकाला सुटी नाही. सतत ओल्या जमिनीवर खूर मऊ पडतात, तळाचा मऊ त्रिकोणी भाग काळा पडून कुजतो, घाण वास येतो. तबेल्याची जमीन उंच आणि निचऱ्याची हवी, खूर रोज कोरून कोरडे करायला हवेत, आणि नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी यायला हवा. चावऱ्या घोडमाशांमुळे सर्रा हा रोग पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज चढते, घोडा खातो पण वाळत जातो. अशा घोड्याला आळशी ठरवून टाच मारण्याआधी रक्त तपासावे. ग्लँडर्स त्याहून गंभीर. तो माणसालाही होतो आणि लागण निघालेला घोडा कायद्याने मारावा लागतो. म्हणून बाजारातून आणलेला नवा घोडा रक्ताचा अहवाल येईपर्यंत इतरांपासून दूर बांधावा. धनुर्वाताची लस तर चुकवायचीच नाही. घोड्यांच्या रोगांवर देशातली मुख्य संशोधन संस्था हिसारला आहे, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र.

खाण्यात मुख्य वैरण, दाणा दुय्यम. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज हवा, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. त्याच्या मोठ्या आतड्यात हा चारा पाणी आणि क्षार धरून ठेवतो आणि लांब पल्ल्यात तीच शिदोरी पुरते. कोकणातला भाताचा पेंढा पोट भरतो, पोसत नाही. घाटावरून कडबा आणि लसूणघास आणावा लागतो. भिजवलेला हरभरा आणि ओट कामाच्या प्रमाणात द्यावेत. विश्रांतीच्या दिवशी दाणा कमी केला नाही, तर दुसऱ्या दिवशी कामाला काढताच घोड्याचे पुठ्ठे आखडतात.

तिसऱ्या हंगामात पहिली शर्यत, वीस किंवा चाळीस किलोमीटरची. तिचा उद्देश क्रमांक नसतो. अनोळखी घोड्यांच्या गर्दीत शांत राहणे, परक्या बादलीतले पाणी पिणे, तपासणीत अनोळखी हाताने हिरड्या दाबू देणे, पोटाला स्टेथोस्कोप लावू देणे, माणसाबरोबर सैल दोरीवर सरळ दुडकणे, हे सगळे त्याला तिथेच उमगते. वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे नेऊ नये आणि पुढे निघून जाणाऱ्या घोड्यांकडे स्वाराने पाहूही नये. तपासणीत पशुवैद्याने घोडा थांबवला, तर हुज्जत न घालता गाडीत चढवावा. शर्यत पुरी झाली की दर सोळा किलोमीटरमागे निदान एक दिवस विश्रांती, असा ढोबळ नियम आहे. चाळीस किलोमीटरनंतर तरुण घोड्याच्या पाठीवर तीन दिवस खोगीर चढवायचे नाही. हाताने चालवावे, पाय चाचपावेत आणि चौथ्या दिवशी नाडी पूर्वीच्या आकड्यावर आली असेल तरच कामाला काढावे.